माह्या पंख्यातली अक्षत

मित्रांनो, मी एक जुनं ग्राफिक कार्ड आहे. कम्प्युटरच्या डब्यात राहते. लग्नात कॅमेरे जे पाहतात, ते पडद्यावर मांडाचं अन् त्याच घडीले दूरच्या पाव्हण्यायले पाठवाले हात लावाचा, हे माहं काम. आता म्हातारी झाली, म्हणून थोडं मीठमसाला लावून सांगते. चवीपुरतं.

जन्म समुद्रापलीकडच्या कारखान्यातला, पण संसार पांढुर्ण्यात, ऋषिकेशच्या घरी. तो कॅमेरा धरे. त्याची बायको वृषाली कम्प्युटरसमोर बसून कोणतं चित्र दाखवाचं ते ठरवे. लग्न सौसरले लागे अन् आत्या पुण्यात बसून रडे, ती माह्या भरवशावर. लोधीखेड्याच्या लग्नात तर मी एवढी तापली का आचाऱ्यानं गॅस बंद करून जिलब्या माह्यावरच तळल्या. खोटं वाटत असन तर खाणाऱ्यायले विचारा.

ऋषिकेशची माय वच्छलाबाई दसऱ्याले माह्या डब्याले झेंडूचा हार घाले. बाई मोठी मायाळू, पण तिचा जीव मूगवड्यात. पावसाळ्यात वड्या वाळत नाहीत. डब्याच्या जाळीतून गरम हवा येते, हे तिनं हेरलं अन् जाळीवर फडकं टाकून वड्या मांडल्या. कोणाले सांगितलं नाही.

त्यातच तृप्तीचं साक्षगंध आलं. तृप्ती म्हणजे रामाकोन्याच्या भगवंतरावची नात. भगवंतराव वच्छलाबाईचा मोठा भाऊ, कमरेचं हाड मोडून खाटेवर पडलेला. त्याले घरूनच पाहाचं होतं. नेमकी तृप्तीच्या बोटात अंगठी जाऊन राहिली होती अन् माहा श्वास कोंडला. चित्र थिजलं. भगवंतराव त्या अर्ध्या अंगठीकडे पाहतच राहिला.

संध्याकाळी त्याचा फोन आला. "वच्छले, पोराले म्हण, लग्नात तरी पुरं दाखव. माह्यापाशी आता लई लग्नं उरली नाहीत."

वृषालीनं फोन घेतला. "मामाजी, लग्न अडणार नाही. माहा शब्द."

"नवीन कार्ड घेऊ," ऋषिकेश म्हणाला. "रंगीत दिव्यायचं पाहून ठेवलं मी."

"दिवे मांडववाला लावते. आपल्याले चार कॅमेरे ओढणारं पाहिजे, अन् आपल्या डब्यात मावणारं."

ब्लाउजचं कापड घ्याले जाताना साडी सोबत नेतात ना, तसं नागपूरले न्याले वृषालीनं मले डब्यातून काढलं. पंख्यातून टपकन एक वडी पडली.

"आई, हे काय?"

वच्छलाबाईनं चष्मा लावून पाहिलं. "मूगवडी. चांगली वाळली."

"मामाजींची अंगठी हिनंच अडवली."

वच्छलाबाईचं तोंड एवढंसं झालं. "गरमी फुकट जाऊन राहिली होती बाई," ती हळूच म्हणाली.

"मंग हेच साफ करू ना," ऋषिकेश म्हणाला.

"साफ करून दोन कॅमेरे चालतीन. लग्नात चार आहेत."

दुकानात ऋषिकेशनं दिव्यावालं लांबलचक कार्ड छातीशी धरलं. वृषालीनं ते माह्याशेजारी ठेवलं, वितीनं मोजलं. "हे बसवाले डबा फाडा लागन. अन् याले वीज किती लागते?"

"वीज देणारा डबा बी मोठा घ्या लागन," दुकानदार म्हणाला.

"मंग राहू द्या. आम्हाले गेम खेळाचा नाही. चार चित्रं घेऊन एक न अडकता बाहेर पाठवाचं आहे."

त्यानं एक काळं, आखूड, बिनदिव्याचं काढलं. मुकाट्यानं काम करणारं वाटे. मनात म्हटलं, पोरीनं बरं निवडलं. तरी मी एवढी रडली का दुकानदारानं छत गळते समजून मिस्त्री बोलावला.

मले वाटलं, आता भंगार. पण घरी वच्छलाबाईनं मले मऊ ब्रशानं झाडलं. "दादाले फोनात मुंगीएवढं दिसते," ती सुनेले म्हणाली. "हिले त्याच्या टीव्हीले जोडता येते का?"

अशी मी एका जुन्या डब्यात बसून रामाकोन्याले आली, भगवंतरावच्या खाटेपाशी. लग्नाच्या दिवशी सगळे पांढुर्ण्याले गेले. वच्छलाबाई मात्र भावापाशीच बसली. "डब्यावर कोणी काही ठेवलं तर?" म्हणे.

तिकडून नवीन कार्ड पाठवून राहिलं होतं, इकडे मी दाखवून राहिली होती. मंगलाष्टकं सुरू झाली. वच्छलाबाईनं भावाच्या मुठीत अक्षता देल्या. त्यानं पडल्यापडल्याच टीव्हीकडे फेकल्या. अर्ध्या गोधडीवर पडल्या अन् एक जाळीतून सरळ माह्या पंख्यात. टिक, टिक, टिक. वच्छलाबाईनं पदर तोंडाशी नेला.

मी थांबली नाही. अंतरपाट खाली आला, हार पडले, तृप्ती हसली. भगवंतरावनं पुरं पाहिलं.

मित्रांनो, आमच्या जाळीवर काही वाळू घालू नका. धूळ झाडत जा, आम्हाले बी श्वास लागते. पण मले झाडाले आले तर ती एक अक्षत राहू द्या. ती आजोबाची आहे. तृप्ती रामाकोन्याले आली का मी एवढ्या जोरानं फिरीन का ती बरोबर तिच्या डोक्यावर पडन.