अमरेशची बाजू

आमच्या देव्हाऱ्यात चांदीची एक पळी होती. पळी आपली म्हणायची, पण तसली पळी कोल्हापुरात दुसऱ्या कुणाकडं मी पाहिली नाही. वीतभर लांब आणि दोन्ही टोकांना पन्हळीसारखी खोलगट. एक टोक बोटभर रुंद, दुसरं इतकं अरुंद की करंगळीही मावू नये. आज्जानं, म्हणजे वडलांच्या वडलांनी, ती कुठल्याशा इंग्रज साहेबाच्या बंगल्यावरच्या लिलावात घेतलेली. तिच्यावर सिंहाचा बारीक ठसा होता. सिंह म्हणजे आंबाबाईचं वाहन, तेव्हा वस्तू देवाचीच, असं आज्जानं ठरवून टाकलं. रुंद बाजूनं मोठ्यांना तीर्थ, अरुंद बाजूनं तान्ह्यांना. आज्जाला उलट विचारायची कुणाची छाती नव्हती, आणि साहेबाच्या जेवणाच्या टेबलावर काय काय मांडतात हे आमच्या लिंगायताच्या घरात कुणाला ठाऊक असणार?

त्या अरुंद बाजूला पुढं घरात नावच पडलं. अमरेशची बाजू.

अमरेश आमचा सगळ्यात धाकटा भाऊ. सहा वर्षांचा असताना त्याच्या पायात खिळा गेला आणि धनुर्वात झाला. दातखीळ बसली. चमचा आत जाईना, वाटी ओठाला लागून पाणी गळ्यावर सांडायचं. पुढचा एक दुधाचा दात तेवढा नुकता पडला होता. अव्वानं, म्हणजे आमच्या आईनं, त्या फटीतून पळीची अरुंद बाजू आत सरकवली आणि थेंब थेंब पाणी सोडलं. अर्धं पाणी त्याच्या पोटात गेलं. उरलेलं पळीतच राहिलं, आणि अमरेश गेला. मी दाराला धरून उभी होते. त्यानंतर अव्वानं ती बाजू कुणाच्याही तोंडाला लावू दिली नाही. माझ्या पोरांनाही तीर्थ रुंद बाजूनंच मिळालं.

अठ्ठ्याण्णव साली अव्वा मोरीत पडली आणि अंथरुणाला खिळली. काचबिंदूनं तिची नजर आधीच गेलेली होती. मी जयसिंगपूरला शाळेत शिकवत होते. शनिवारची शाळा सुटली की एसटी धरून कोल्हापूर गाठायची. आणि दर शनिवारी अव्वाचं एकच.

"पवित्रा, मला मातीत बसवशीला तवा ती पळी हातात द्या गं. अमरेश अर्ध्या पाण्यावर गेलाय. उरलेलं पाजायचं हाय त्याला."

आमच्यात जाळत नाहीत. बसवून पुरतात, डाव्या तळहातावर इष्टलिंग ठेवून. उजवा हात मोकळा असतो. अव्वानं एवढं सगळं मनाशी लावून ठेवलं होतं.

"मरणाचं बोलू नगंस की!" मी खेकसायची. मनात मात्र म्हणायची, देऊ की. आयुष्यात या बाईनं दुसरं मागितलंय काय?

घर चालवायचा तो माझा मधला भाऊ राजशेखर. गुळाचा व्यापारी, जिभेवर मात्र साखर नाही. धर्माला इतका कडक की गळ्यातल्या लिंगापेक्षा कपाळावरचा भस्माचा पट्टा लांबून आधी दिसायचा. त्याचा शाळेपासूनचा दोस्त चमन, जुन्या भांड्याकुंड्यांचा धंदा करायचा. त्या थंडीत एका शनिवारी तो अव्वाला बघायला आला. अव्वा झोपली होती. राजशेखर सोप्यात बसून भस्मानं पळी घासत होता, त्यानं मोठ्या तोऱ्यात ती चमनच्या हातात दिली.

"आज्जाची हाय. तीर्थाची. असली बघितलीयास कुठं?"

चमननं पळी उलटी केली, सिंह बघितला, आणि गप्प बसला. हा माणूस झोपेतही बोलणारा. तो गप्प बसला की समजावं, काहीतरी बिनसलंय.

"अरं बोल की लेका!"

"राजा... हे नळीचं हाय."

"कसल्या नळीचं? पाण्याच्या?"

सगळं कोल्हापूर रविवारी ताटावर नळ्या आपटत असतं. पण आमच्या घरात नळी म्हणजे पाण्याची. तो दुसरा अर्थ उंबऱ्याच्या आत कधी आलाच नव्हता.

"बोकडाच्या," चमन हळूच म्हणाला. "साहेब लोक नळी आपटत न्हाईत. हे आत घालून हाडातला मगज काढत्यात. जाड हाडाला ही बाजू, बारीक हाडाला ही. मागं असला एक आलता माज्याकडं. आणि हा शिंव्ह देवीचा न्हवं, इंग्रजांचा चांदीचा छाप हाय."

मला हसू फुटलं. खोटं कशाला सांगू, डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले. आज्जाचा सगळा रुबाब, आणि देव्हाऱ्यात नळीचा चमचा! राजशेखर मात्र कपाळावरच्या भस्मासारखा पांढरा पडला होता. ते बघून माझं हसू विरलं.

"हे बघ राजा," मी म्हटलं, "इतकी वर्सं तीर्थ वाहिलंय तिच्यातनं. कसला विटाळ राहतोय? अव्वाच्या कानावर घालायचं न्हाई, आणि पळी हाय तिथं ठेवायची."

"व्हय," तो म्हणाला. मला वाटलं, मिटलं.

पुढच्या शनिवारी गेले तर देव्हाऱ्यात नवी पळी. गोल वाटीसारखं तोंड, आणि दुसऱ्या टोकाला इवलासा नंदी. राजशेखर हुपरीला चांदीच्या कारागिराकडं जाऊन जुनी पळी आटवून आला होता.

"अक्का, हाडाचा चमचा हातात दिऊन अव्वाला शिवापुढं धाडू काय?" तो म्हणाला. "चांदी तीच हाय. दुसरी मिसळू ने म्हणून मुशीपुढनं हाललो न्हाई मी."

"आणि अमरेशची बाजू?"

त्यानं मान खाली घातली. "तिला दिसतंय कुठं?"

मी त्याला काय काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. त्यानं हे आईच्या मायेपोटीच केलं होतं, हे मला दिसत होतं, आणि त्यामुळं राग आणखीच चढत होता.

दुसऱ्या दिवशी अव्वाचा श्वास बदलला. राजशेखरनं नव्या पळीनं तिच्या तोंडात तीर्थ घातलं. तिनं ते गिळलं आणि हात पुढं केला.

"दे हिकडं."

तिची बोटं वाटीवरून फिरली, दांड्यावरून खाली गेली आणि नंदीपाशी थांबली. पुन्हा वर गेली, पुन्हा खाली आली.

"राजा, अमरेशची बाजू कुठाय रं?"

"अव्वा, जरा... नवी करून घेतली. चांदी तीच हाय गं."

ती रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. तिनं नंदीचं टोक स्वतःच्या ओठांशी नेलं, पुढच्या बोळक्या हिरडीवर टेकवून चाचपलं. मग विचारलं,

"हे जाईल व्हय रं त्याच्या फटीत?"

राजशेखरनं पळीसाठी हात पुढं केला. अव्वानं ती परत केली.

"ठेव देवापुढं. चांगली झालीया," ती म्हणाली, लहान पोराची समजूत काढावी तशी. त्यानंतर तिनं पाणी मागितलं नाही. रात्रीतच ती गेली.

अव्वाला माती द्यायला पुष्कळ माणसं आली. चमन मागं उभा होता. मला बघून म्हणाला, "माज्याच जिभेला हाड न्हाई, अक्का."

स्वामींनी अव्वाच्या डाव्या तळहातावर लिंग ठेवलं. राजशेखरनं खिशातून पळी काढली. खड्ड्यात उतरून तो अव्वाच्या उजव्या हाताकडं बघत राहिला. मग त्यानं पळी परत खिशात घातली, आणि सगळ्यांसमोर लहान पोरागत रडायला लागला. "दे" असं मलाही म्हणवलं नाही. पहिली माती पडली तेव्हा अव्वाचा उजवा हात मांडीवर उघडाच होता.