टण्ण की भद्द

कानबाईमायनी आण! शब्द न् शब्द खरा. खोटा निघाला तर माझी जीभ भाकरीसारखी करपो!

आमच्या धरणगावात आखाजीला, म्हणजे अक्षय्यतृतीयेला, खापरावर मांडे करतात. खापर म्हणजे चुलीवर पालथं घालायचं मातीचं मोठं भांडं. त्याला बारीक तडा असला तर जाळावर फुटतं, न् पुरण बठ्ठं, सगळंच राखेत. म्हणून कुंभारवाड्यात गल्लीच्या बाया मला पुढं घालायच्या. मी बोटानं वाजवायची. टण्ण वाजलं तर घ्यायचं, भद्द वाजलं तर ठेवायचं.

गावात नुकते टीव्ही आले होते, त्या साली माझ्या कानाला खाज सुटली. केसांच्या आकड्यानं खाजवलं, काडीनं खाजवलं. वर कोमट तेल, लसणाची पाकळी. खाज जाईना, उलट कानात रातकिडे बसले. किर्रर्र! शेजारची कोंबडी किडा समजून माझ्या कानाला चोच मारायची.

आखाजीला धाकट्या जावेचं, सुंदरबाईचं खापर वाजवलं. त्या किर्रमध्ये मला ते टण्णच वाटलं. पहिल्याच मांड्याला फट्! जावई ताटावर बसलेले.

"अक्का, तुले आते ऐकाले येत नही," सुंदरबाई म्हणाली. "पुढला सालले खापर भागाबाई देखी."

भागाबाई! जिला बोंबललं तरी ऐकू जात नाही, ती!

दुसऱ्याच दिवशी एसटीनं जळगाव गाठलं. कानाच्या डॉक्टरीणबाईंनी बॅटरी मारली.

"आजी, कानात काय काय घातलंत?"

"काही नही."

चिमट्यानं मळ निघाला, कापूस निघाला, न् लसणाची पाकळी निघाली. कोंब फुटलेली!

"वा आजी, पीक जोरात आहे. बुरशीपण धरलीय. तेल बंद, आकडा बंद, हे थेंब टाका."

"न् रातकिडे?"

"मळानं आलेले जातील. वयानं आलेले थोडे राहतील."

आकडा मी विहिरीत टाकला. खाज आली की दोन्ही हात पदरात बांधून डोलत बसायची. अंगात आलं समजून गल्लीतली प्रमिलाबाई नारळ घेऊन आली!

खाज गेली. रातकिडे निम्मे राहिले. राहा म्हटलं! हिलाल कुंभाराची भट्टी उघडली की मी तिथं. टण्ण, भद्द, टण्ण. किर्रच्या मागचा आवाज पकडायला शिकत होते.

"अक्का, मना खापरं फोडशी का काय?" हिलाल ओरडायचा.

पुढची आखाजी आली. भागाबाई वाजवत होती न् सगळ्या खापरांना "चांगलं शे" म्हणत होती. तिनं सुंदरबाईला दिलेलं खापर मी हातात घेतलं, वाजवलं.

"भद्द."

"अक्का, तुना कान!" सुंदरबाई हसली.

मी म्हटलं, "हिलाल, पानी टाक."

त्यानं टाकलं. बुडाला ओली रेघ उमटली, टपटप गळायला लागली. कोणी हसेना. सुंदरबाईनं धाडकन माझे पाय धरले, "अक्का, मनं चुकनं," म्हणून रडली.

बरं, बरं. पाय धरले हे मी पदरचं घातलं. तिनं दुसरं खापर माझ्यापुढं सरकवलं, तोंड तिकडं केलं न् म्हणाली, "हाई वाजव."