आठ गाण्यांची कॅसेट

हिंदुरावांच्या ऑर्केस्ट्रात नकोशी नऊ वर्षं गात होती. बारामती-इंदापूर भागातल्या जत्रांना तिचा आवाज ठरलेला. शहाण्णवच्या उन्हाळ्यात तिनं ऑर्केस्ट्रा सोडला. कारण कुणाला सांगितलं नाही. महिनाभरापूर्वी तिच्याबरोबर गाणारी सुप्रिया सणसरजवळ कालव्यात सापडली होती. पाय घसरला असेल, असं सगळे म्हणाले.

पुण्यातल्या एका छोट्या स्टुडिओत नकोशीनं एकटीची पहिली कॅसेट केली. आठ गाणी. शब्द तिचे, चालीही तिच्याच. साथीला फक्त ढोलकी आणि पेटी. नऊ वर्षं बँजोच्या गोंगाटावर ओरडून गाणारी बाई तिथं हळू गायली. आठवं गाणं संपल्यावर ढोलकीवाल्यानं विचारलं, "बाई, हे नक्की ठेवायचं?"

"ठेवायचं."

गाण्यात कुणाचं नाव नव्हतं. एक मुलगी मालकाला सांगते, मी आता तुमच्यात गाणार नाही. मालक तिला जीपमध्ये बसवतो. जीप कालव्याच्या कडेनं जाते आणि रिकामी परत येते.

कॅसेट बाजारात आली आणि चौथ्या दिवशी हिंदुराव लासुर्ण्याला तिच्या घरी आले. निवांत चहा प्याले.

"गळा सोन्याचा हाय तुझा. सात गानी लई झ्याक. आठवं तेवढं काढून टाक."

"कॅसेटीतनं गानं कसं काढायचं, तात्या?"

"मी काढतो की." ते हसले. "एकटी ऱ्हातीस न्हवं हितं? कडी नीट लावत जा."

दोन दिवसांत इंदापूरच्या दुकानांतून तिच्या सगळ्या कॅसेटी गायब झाल्या. अंथुर्ण्याच्या जत्रेतली गाण्याची सुपारी रद्द झाली. तिसऱ्या दिवशी ती रानातून परतली, तर दाराची कडी कुणीतरी उचकटून नेली होती.

त्याच दुपारी सुप्रियाची आई, बनाबाई, सणसरहून आली. शेजाऱ्याच्या टेपवर तिनं गाणं ऐकलं होतं.

"हे तू बघितलंस?"

"व्हय. मी मागनं सामानाच्या टेम्पोत हुते."

"मग तवा का बोलली न्हाईस?"

"भ्याले."

"आन आता?"

"आताबी भ्या वाटतंय, मावशी."

 बनाबाई पदर खोचून उठली. "चल."

पोलीस ठाण्यात नकोशीचा जबाब लिहून व्हायला दोन तास लागले. बाहेर आल्या तेव्हा रस्त्यापलीकडे हिंदुरावांची जीप उभी होती, इंजिन चालू. बनाबाईनं तिचा हात पकडला आणि दोघी एसटीच्या गर्दीत शिरल्या.

आठवड्यानं हिंदुरावांना अटक झाली. महिन्यानं ते जामिनावर सुटले, गुलाल उधळत गावात आले. पुन्हा ऑर्केस्ट्रा सुरू झाला, नवी गायिका आली.

नकोशी सणसरला बनाबाईकडे राहायला गेली. कोर्टाची तारीख दिवाळीनंतरची होती आणि डोळ्यांनी बघितलेली साक्षीदार ती एकटीच. तोवर दोघी कधी एकदम झोपल्या नाहीत. एकीचा डोळा लागला की दुसरी दाराशी बसे.