माझी पडलेली किंमत

मित्रांनो, मी एक जुनी पांढरी मोटार आहे. जळगावात पिंप्राळ्याच्या एका गल्लीत उभी आहे, आणि उभं राहणं मला मुळीच सोसत नाही. टायर गार पडले की माझा जीव वरखाली होतो. आज तर मला न्यायला नवा मालक येणार आहे, त्यामुळे विचारूच नका.

कारखान्यातून निघाले तेव्हा मी फार तोऱ्यात होते. वृषालीताईने पै पै साठवून मला घेतलं. ती फिजिओथेरपिस्ट. घरोघरी जाऊन लोकांचे आखडलेले गुडघे-खांदे मोकळे करायची. फैजपूर, यावल, रावेर, आम्ही सगळं पालथं घातलं. ती मला इतकं जपायची की तिचे वडील, आधारआबा, म्हणायचे, "मन्ही पोर गाडीले रोज आंघोळ घालस."

मग एके दिवशी फैजपूरला धान्याचे व्यापारी दीपचंदशेठ यांचा टेम्पो चुकीच्या बाजूने आला आणि माझ्यावर आदळला. ताई वाचली. माझे उजवीकडचे दोन्ही दरवाजे आणि त्यांच्यामधला खांब मात्र गेले. शेठ सज्जन माणूस, त्यांनी गॅरेजचा सगळा खर्च उचलला. मी पुन्हा नव्यासारखी दिसू लागले आणि मला वाटलं, संपलं सगळं.

संपलं नव्हतं. ताईला फैजपूरला स्वतःचं क्लिनिक काढायचं होतं. गाळ्याच्या अनामत रकमेसाठी मला विकायचं ठरलं. गिऱ्हाइकं येऊ लागली. जो तो दाराचं रबर ओढायचा, आत बोट फिरवायचा, गॅरेजवाल्याने मारलेला वेल्डिंगचा जोड बरोबर ओळखायचा आणि म्हणायचा, "ठोकलेली दिसते." एरवी मी तीन लाखांची, पण सव्वादोनच्या वर कुणी जाईना. तेवढ्या पैशांत गाळा मिळत नव्हता, आणि गाळ्याचा मालक थांबायला तयार नव्हता.

ताईच्या वकिलाने माझ्या पडलेल्या किमतीसाठी शेठना नोटीस पाठवायला सांगितलं. आबा म्हणाले, आधी बसून बोलू. म्हणून आम्ही शेठच्या दारात गेलो.

शेठनी माझ्या बॉनेटवर हात ठेवला. "वृषाली बेटा, गाडी बघ कशी चमकते. दुरुस्ती करून दिली, आता आणखी कसले पैसे?"

"काका, दुरुस्ती झाली. पण तिची किंमत पडली ती पडलीच. ती कोणी भरून द्यायची?" असं म्हणून ताईने माझं दार उघडलं आणि आतले जोड एकेक करून दाखवले.

मित्रांनो, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ज्यांच्या टेम्पोने मला ठोकलं ते माझी तारीफ करत होते, आणि जिने मला लेकरासारखं जपलं ती माझे दोष दाखवत होती. शेठच जिंकावेत असं मला वाटत होतं. हॉर्न वाजवून सांगावं, मी ठणठणीत आहे.

शेठच्या पत्नी सुगनबाई चहा घेऊन आल्या होत्या. त्या सहज म्हणाल्या, "अहो, आपण पलकसाठी जुनी गाडी बघतोच आहोत. इतकी चांगली आहे, तर हीच घ्या ना तीन लाखांत."

पलक त्यांची नात, नुकतीच गाडी शिकलेली. शेठ वाकले. दाराचं रबर त्यांनी स्वतः ओढलं, खांबावरून बोट फिरवलं. मग हळूच म्हणाले, "पलकला ठोकलेली गाडी नको."

"हाईच त आम्ही सांगी ऱ्हायनूत, शेठ," आबा म्हणाले.

शेठ आत गेले आणि माझ्या पडलेल्या किमतीचा, पाऊण लाखाचा चेक घेऊन बाहेर आले. ताईला तो देताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

गाळा मिळाला. मला रावेरच्या सुकदेवभाऊंनी सव्वादोनला घेतलं. त्यांनी न विचारताच ताईने सांगून टाकलं होतं, "उजवी बाजू ठोकलेली आहे." ते म्हणाले, "म्हणून तर मला परवडली, ताई." मला बरंही वाटलं आणि वाईटही. तेव्हापासून मी अशीच तळमळते आहे.

जाता जाता एवढंच मागते. तुमच्या हातून कुणाची वस्तू मोडली, तर ती दुरुस्त करून द्या. पण "झाली ना नीट" असं तुम्ही म्हणू नका. ते ज्याची वस्तू आहे त्याला म्हणू द्या.