खडूचं कपाट

गुडघ्यांवर बसून तिनं खडू जमिनीला टेकवला आणि भिंतीपासून वीतभर अंतर सोडून कपाटाची डावी बाजू आखली. मग टेपचं टोक पायाच्या अंगठ्याखाली दाबून उजवी. जन्मभर कापडावर खुणा केलेला हात होता तो, रेघ कुठं हलली नाही. पुढच्या बाजूला तिनं दाराची तुटक रेघ मारली आणि दार उघडल्यावर कुठवर येईल, तेही एका कमानीनं दाखवून ठेवलं.

"हे काय चाललंय?" सासूबाईंनी विचारलं. त्या गुंडाळलेल्या गादीवर बसल्या होत्या. घरात बसण्यासारखी तेवढीच एक वस्तू होती.

"सामान लावतेय, आई."

"आलं वाटतं?"

"येईल तेव्हा धावपळ नको."

सासूबाईंनी रेघांवरून नजर फिरवली. मग म्हणाल्या, "अंथरूण पाहून पाय पसरावे म्हणतात. इथं अंथरूणच खडूचं. मग माझी खाट जरा लांब काढ बाई. खडूला काय पैसे पडतात?"

तिनं खाट लांब काढली. खिडकीशी शिलाई मशीन मांडली आणि मधोमध कापड बेतायचं लांब टेबल. सगळी मापं तिला तोंडपाठ होती. रेघा पुऱ्या झाल्या तशी ती खोली उगाचच भरल्यासारखी वाटायला लागली, आणि इतके दिवस बोललेला प्रत्येक शब्द भिंतींवर आपटून परत यायचा तो जणू कमी घुमायला लागला.

या देशात येऊन त्यांना महिना होत आला होता. नवरा लिफ्ट दुरुस्त करणारा, इथल्या कंपनीनं त्याला बोलावून घेतलं होतं. तिकिटं कंपनीनं काढली आणि मग कंपनीनं हात झटकले. घराची किल्ली मागितली, तर घरमालकानं कित्येक महिन्यांचं भाडं आगाऊ मागितलं. दिवा लावायचा तर विजेची अनामत, नळ सोडायचा तर पाण्याची. विचारलं तर सगळे नम्रपणे हसायचे, जणू ही गोष्ट साऱ्या जगाला माहीत होती आणि या तिघांनाच कुणी सांगायला विसरलं होतं. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं, असं सासूबाई पहिल्या आठवड्यात म्हणायच्या. दुसऱ्या आठवड्यात त्यांनी ते म्हणायचं सोडलं, कारण विघ्नं मोजण्यातली मजा संपली होती.

त्यात सामान बंदरावर अडकलं. कपाटाला कीड आहे, असं तिथल्या कारकुनानं नवऱ्याला सांगितलं आणि कपाटाच्या पायाशी साठलेला पिठासारखा भुसा बोटानं दाखवला. किडकं लाकूड एकाच खोक्यात सगळ्या सामानाबरोबर आलेलं, म्हणून सगळंच थांबवलं. दोनच वाटा होत्या. कपाटाला औषधाची धुरी द्यायची, तिचा खर्च भरायचा आणि नव्यानं तपासणी होण्याची वाट बघायची. नाहीतर कपाट सोडलं म्हणून सही करायची, ते जाळून टाकतील आणि बाकीचं सामान घरी येईल. ठरेपर्यंत गोदामाचं भाडं दिवसागणिक चढत राहणार होतं.

"चार आण्याची कोंबडी नि बारा आण्याचा मसाला," सासूबाई एवढंच म्हणाल्या.

पण ती कोंबडी तिच्या वडिलांनी केलेली होती. सुतार माणूस, आयुष्यभर दुसऱ्यांची दारं-खिडक्या करत राहिला आणि लेकीच्या लग्नाला उरल्यासुरल्या फळ्यांतून हे कपाट केलं. डावं दार जरा उतरलेलं. गुडघ्यानं खालून किंचित उचललं की उघडायचं, नाहीतर देवालाही नाही. "चोराला सापडणार नाही अशी कळ ठेवलीय," असं म्हणून ते स्वतःची चूक मिरवायचे. आता ते नव्हते. त्यांच्या हातचं दुसरं काहीही नव्हतं.

"थोडे दिवस थांबू या," ती नवऱ्याला म्हणाली होती. "पगार झाला की धुरीचे पैसे भरू."

"थांबू," तो म्हणाला होता. एका अक्षरानं तो तिला टोचून बोलला नाही, आणि तेच तिला जास्त टोचत होतं. कारण किडीची गोष्ट तिला ठाऊक होती. तिकडच्या घरीच भुसा पडायला लागला होता. गंमत म्हणजे फक्त रविवारी. सकाळी कपाटाखाली बघावं तर पिवळसर पिठाची बारीक रांग, आणि सोमवारपासून पुन्हा सगळं स्वच्छ. हा किडाही आमच्या ह्यांच्यासारखाच, असं तिच्या मनात यायचं, आठवडाभर कामाला जातो आणि रविवारी घरी बसून खातो. नवरा उठायच्या आत ती भुसा झाडून टाकायची. त्याला कळलं असतं तर कपाट तिथंच ठेवून निघावं लागलं असतं. म्हणून ती गप्प राहिली, आणि आता सगळा संसार गोदामात पडला होता, तिची मशीनसुद्धा. खालच्या मजल्यावरच्या बाईनं दिलेले पडदे ती हातानं शिवत होती. हाताच्या टाक्यांनी काय पोट भरतं?

रेघा मारल्या त्या संध्याकाळी नवरा कामावरून आला, दारात थांबला आणि जमिनीकडे बघत राहिला. मग त्यानं बूट काढले, कपाटाला वळसा घातला, टेबलाच्या कडेनं गेला आणि आपली पिशवी अगदी हलक्या हातानं टेबलाच्या कोपऱ्यावर, म्हणजे जमिनीवर, ठेवली.

"टेबल बरं आलंय," तो म्हणाला.

तिला इतकं हसू आलं की डोळ्यांत पाणी आलं.

त्या दिवसापासून तोच घरचा नियम झाला. कुणी कशातून जायचं नाही. सासूबाई आपल्या खाटेच्या रेघांच्या आत गादी पसरून झोपायच्या आणि सकाळी उठून खाट फार करकरते म्हणून तक्रार करायच्या. चहाचे पेले टेबलावर असायचे. इथल्या संध्याकाळी लांबत जाणाऱ्या. सूर्य खिडकीतून तिरपा आत येऊन तासन् तास निघायचं नाव घ्यायचा नाही, आणि त्या उजेडात पांढऱ्या रेघा जमिनीपासून किंचित वर आल्यासारख्या दिसायच्या. लांब कुठंतरी जहाजाचा भोंगा वाजायचा. पडद्याचा काठ दुमडता दुमडता तिचा डोळा लागायचा, आणि झोपेच्या उंबऱ्यावर तिला लाकडाचा तोच वास यायचा, रंध्याखालून नुकत्या निघालेल्या लाकडाचा, वडिलांच्या सदऱ्याला असायचा तसा. एकदा कात्री शोधत ती उठली, कपाटासमोर गेली आणि डावा गुडघा उचलून हात पुढे केला. हाताला हवा लागली. तिनं मागं वळून पाहिलं. सासूबाई खिडकीबाहेर बघत होत्या, बघायला बाहेर काही नसताना.

आपण इथं आलो आहोत की अजून वाटेत आहोत, हेच तिला त्या दिवसांत नीट कळत नव्हतं. आणि वाईट वाटायच्या ऐवजी त्यात एक सुख होतं. रेघांच्या घरात काही मोडत नव्हतं आणि काही किडत नव्हतं.

मग एके दिवशी नवरा लवकर घरी आला. ऊन अजून टेबलापर्यंतही पोचलं नव्हतं. त्यानं दार लोटलं, बूट काढले नाहीत, आणि सरळ खिडकीकडे चालत गेला. कपाटाच्या उजव्या बाजूनं आत शिरला आणि दारातून बाहेर पडला. पुढं जमिनीवर त्याच्या टाचेचे पांढरे ठसे उमटले.

सासूबाईंनी आधी ठशांकडे पाहिलं, मग सुनेकडे.

तिच्या हातातली सुई तिथंच थांबली होती. "सही करून आलात?" तिनं विचारलं.

त्याची तिच्याकडे पाठ होती. "तुला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही."

तो वळला. त्याची नजर आपल्या पावलांच्या ठशांवर गेली, आणि ठशांवरून मागं मागं जात पुसट झालेल्या रेघेवर. तो मटकन खिडकीच्या कट्ट्यावर बसला.

"दुपारी केली. अजून आठवडा थांबलो असतो, तर गोदामाचं भाडं भरायलाच पगार पुरला नसता. मग मशीनही गेली असती. उद्या सकाळी बाकीचं सगळं येतंय. तुझी मशीन, टेबल, आईची खाट."

"आणि ते?"

"त्यांच्याकडे भट्टी आहे," तो म्हणाला.

तिला संताप आला. मला न विचारता, असं ओठांपर्यंत आलं. त्याच्या पाठोपाठ, कुणी छातीवरचा दगड उचलावा, तसं तिला सुटल्यासारखं वाटलं. आणि सुटल्यासारखं वाटलं याची तिला इतकी लाज वाटली की संताप कुठल्या कुठं गेला. वडिलांनी केलेलं कपाट भट्टीत जाणार होतं आणि तिच्या मनात आलं होतं की उद्या मशीन येणार.

"मला माहीत होतं," ती म्हणाली.

"काय?"

"कीड लागल्याचं. तिकडे असतानाच भुसा पडायचा. मी झाडून टाकायचे. तुम्हाला कळलं तर कपाट न्यायला नको म्हणाल, म्हणून बोलले नाही. हे सगळं माझ्यामुळं झालंय."

तो बुटाच्या टाचेवरची पांढरी भुकटी अंगठ्यानं पुसत राहिला.

"कधी झाडायचीस?" त्यानं विचारलं.

"रविवारी. रविवारीच पडायचा. का ते देव जाणे."

"रोज पडायचा तो."

तिला कळलं नाही.

"रविवारी मला उठायला उशीर व्हायचा," तो म्हणाला. "बाकीचे दिवस कामावर निघायच्या आधी मी झाडायचो."

लांबचा भोंगा वाजला आणि थांबला. इतका वेळ ती त्याच्याकडे बघत राहिली की त्यानं शेवटी मान खाली घातली. चोरी त्याचीच पकडली गेली होती जणू.

"मग बोलला का नाहीत?"

"तू बोलत नव्हतीस, म्हणून."

"तरीच," सासूबाई गादीवरून म्हणाल्या. "मी म्हणायचे, या घरात झाडू कधीच जागेवर कसा नसतो!" आणि त्यांनी पदर डोळ्यांना लावला. हसताहेत की काय, ते दोघांनाही कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओल्या फडक्यानं तिनं खाट पुसली, टेबल पुसलं, मशीन पुसली. कपाटाशी आली तेव्हा फडकं पिळून काढलं, पुन्हा भिजवलं, पुन्हा पिळलं. खाली गाडी थांबल्याचा आवाज आला, तशी ती तशीच उठून दाराशी गेली.

दोन हमाल होते, दोघंही दांडगे आणि घाईत. पहिल्या खेपेला त्यांनी लांब टेबल आणलं. ते जिन्यात दोनदा अडकलं होतं आणि दोघांचेही चेहरे लालबुंद झाले होते. दारातून आत आल्यावर खिडकीपर्यंतची जमीन त्यांच्यासमोर मोकळीच होती. पुढचा हमाल सरळ निघाला.

नवरा आडवा आला. इथली भाषा त्याला अजून येत नव्हती. त्यानं हातानं थांबा म्हटलं, जमिनीवर उरलेल्या कपाटाच्या रेघांकडे बोट केलं, आणि मग तेच बोट त्यांच्या बाजूनं लांबून, सावकाश, समोरच्या भिंतीच्या कडेकडेनं फिरवून दाखवलं.

हमालांनी एकमेकांकडे पाहिलं. ओझं जड होतं. पुढच्यानं खांदे उडवले आणि पाय वळवला, आणि दोघं टेबल घेऊन कडेकडेनं निघाले. शेवटच्या कोपऱ्याशी मागचा हमाल क्षणभर थांबला. कपाटाला धक्का लागू नये म्हणून त्यानं आपली बाजू जराशी वर उचलून धरली.