इसाकच्या कुरणातला विसावा

मी विसाव्याचा दगड बोलतोय. नाव ऐकून दचकू नका. माझ्यावर मयत टेकवत असले तरी मी स्वभावाने रडका नाही. उलट थोडा गप्पिष्टच आहे, फक्त माझ्याशी बोलायला कोणी थांबत नाही.

इंग्लंडच्या उत्तरेला, डोंगराळ मुलखात, थॉर्नगिल नावाची वाडी आहे. तिथे चर्च नाही, म्हणून माणसं पुरायला जागाही नाही. मेलेल्या माणसाला खिंड चढून पलीकडच्या स्केलबेक गावात न्यावं लागे. चढ असा की धडधाकट गड्यालाही धाप लागावी. खिंडीच्या माथ्यावर एक फाटक आणि फाटकातून आत गेलं की कुरणात मी. वाडीतल्या जुन्या लोकांनी पहारी लावून मला डोंगरावरून खाली आणलं, पाठ छिन्नीने सपाट केली आणि दोन दगडांवर कमरेएवढ्या उंचीवर बसवलं. उंचीवर अशासाठी, की वाटेत शवपेटी जमिनीला टेकवायची नाही. टेकली तर मेलेला माणूस पुढे जायचं सोडून घरी परत येतो म्हणतात. आलेला कोणी मी पाहिला नाही, पण टेकवून बघण्याची हिंमतही कोणी केली नाही.

खांदेकऱ्यांची एक गंमत सांगतो. चढ चढताना सगळे मेलेल्याची स्तुती करतात. माझ्यावर पेटी ठेवली, घाम पुसला, बाटलीतला एकेक घोट घशाखाली गेला, की खरं बोलायला लागतात. "चिकट होता हो म्हातारा." "होता खरा. पण बर्फात माझ्या मेंढ्या त्यानेच शोधून आणल्या." मग बाटलीला बूच लागतं आणि पेटी पुन्हा उचलली जाते. चर्चमधल्या भाषणापेक्षा मला हे बोलणं जास्त आवडतं.

पुढे खालून सडक झाली, मोटार आली. मयतं सडकेने जाऊ लागली. माझ्याकडे उरल्या त्या मेंढ्या, आणि स्केलबेकच्या बाजाराला जाणारी-येणारी माणसं.

हे कुरण तेव्हा इसाक बर्केटचं होतं. इसाक म्हणजे लांब पायांचा, तांबड्या कानांचा, एकटा राहणारा मेंढपाळ. बायको-मुलं नाहीत. त्याच्या तोंडी दिवसभर एकच वाक्य असे, "फाटक लावा." कोणी नमस्कार केला तरी उत्तर तेच.

एका शरद ऋतूत ते फाटक उघडं राहिलं. शेजारचा मेंढा आत शिरला आणि मेंढ्या अवेळी गाभण राहिल्या. कोकरं जन्मली ती भर हिमात. बरीचशी त्याच रात्री गारठून गेली. इसाकने त्यांना एका खड्ड्यात पुरलं आणि कुदळ टाकून माझ्याजवळ बसून राहिला. मेंढा शिरला त्या दिवशी जॉस मौन्सी बाजारातून या वाटेने घरी गेला होता. इसाकने त्याच्यावर आळ घेतला.

जॉस हा थॉर्नगिलचा गवंडी. मातीचुन्याशिवाय, नुसते दगडावर दगड बसवून गडगे रचणारा. तो म्हणाला, "मी लावलं होतं फाटक."

त्याने लावलं होतं. मी पाहिलं होतं. त्यानंतर इसाक स्वतःच आला होता, लंगडी मेंढी खांद्यावर घेऊन. दोन्ही हात अडकलेले, म्हणून त्याने फाटक टाचेने मागे ढकललं. कडी पडली नाही. त्याला वाटलं पडली. पण साक्षीला दगडाला कोण बोलावतो?

इसाकने फाटक काढून टाकलं आणि तिथे स्वतःच्या हाताने गडगा रचला. जॉस एकदा पलीकडून येऊन तो बघून गेला. म्हणाला, "इसाक, हा गडगा नव्हे. सगळे दगड एकमेकांवर रुसून बसलेत. एकदा शिंकलास तर खाली येईल."

फाटकाचा आळ एक वेळ मिटला असता. पण या टोमण्यानंतर दोघांचं बोलणं बंद झालं, ते कायमचं.

काही वर्षांनी जॉस गेला. जाण्याआधी बायकोला, हेस्टरला, सांगून गेला की मला मोटारीत घालू नका, आईबाप ज्या वाटेने गेले त्याच वाटेने न्या. संसारात त्याने तिच्याकडे फारसं काही मागितलं नव्हतं. हे एवढंच होतं आणि नेमकं तेच तिच्या हातात नव्हतं.

इसाकने निरोप धाडला, माझ्या कुरणातून मयत जाणार नाही.

त्याचं कारण सांगायला हवं. आमच्याकडे लोक असं धरून चालतात की ज्या रानातून मयत नेलं, ती वाट कायमची सगळ्यांची होते. बरीच वर्षं नेलं नाही तर तो हक्क निजतो, आणि पुन्हा एक जरी मयत गेलं तरी जागा होतो. इसाकला हीच धास्ती, आणि वाडीतल्या तरण्यांना हीच आशा. असा कायदा कुठल्याच पुस्तकात नाही, असं स्केलबेकच्या पाद्रीबाबांनी दोन्हीकडे जाऊन सांगितलं. पाद्रीबाबांना यातलं काही कळत नाही, यावर मात्र इसाकचं आणि वाडीचं एकमत झालं.

मातीच्या दिवशी सकाळी धुकं होतं. हेस्टर कोणाचं न ऐकता पेटी घेऊन खिंडीत आली. सहा खांदेकरी, पुढे जॉसचा पुतण्या नेड, मागे पाद्रीबाबा. गडग्याच्या या बाजूला इसाक आणि त्याचा कुत्रा.

"पाडू का काकी?" नेड म्हणाला. "दोन लाथांचं काम आहे."

"नाही," हेस्टर म्हणाली. "तुझ्या काकाने जन्मात कोणाचा गडगा पाडला नाही. त्याच्या मातीला पाडायचा नाही."

"मोटारीने न्या की," इसाक म्हणाला. "सडक काय वाहून गेली?"

"सडकेने नाही जायचं म्हणाला तो."

"म्हणणारच. अडवून धरायची खोडच होती त्याला."

"आणि तुला ती खोड नाही वाटतं?"

पेटी खाली ठेवता येत नव्हती आणि ती टेकवायची जागा, म्हणजे मी, गडग्याच्या आत होतो. मला दिसत होतं, मागचे दोघं पेटीखाली सारखा खांदा सावरत होते. मी एवढा जवळ असून त्यांच्या काही उपयोगाचा नव्हतो. इतकं वाईट मला कधी वाटलं नव्हतं.

हेस्टर गडग्याजवळ आली. आवाज न चढवता म्हणाली, "इसाक, मी वाट मागत नाही. रान तुझं आहे. मालकाने आपल्या रानातून काय न्यायचं ते न्यावं, त्याला कोण हरकत घेणार? तूच ने त्याला."

"मी?"

"पुढचा खांदा तू घे. मग मयत तू नेलंस, आम्ही नाही. आमची कसली आली वाट?"

इसाकने टोपी काढली, डोकं खाजवलं, पुन्हा घातली. मग पाद्रीबाबांकडे पाहून म्हणाला, "असं चालतं का हो?"

पाद्रीबाबा एव्हाना शहाणे झाले होते. "अगदी चालतं," ते म्हणाले.

वरचे दगड उतरवावेत म्हणून इसाकने एका दगडाला हात घातला. तो निघाला, त्याच्यामागे शेजारचा घसरला आणि बघता बघता सगळा गडगा धडधडत त्याच्या पायांशी येऊन पडला. कुत्रा पळाला. खांदेकरी एकमेकांकडे न बघता समोर धुक्यात बघत राहिले.

"बोला की आता," इसाक म्हणाला. "तो असता तर बोललाच असता."

"शिंकायचीसुद्धा गरज पडली नाही," हेस्टर म्हणाली, आणि म्हणता म्हणता तिला रडू आलं.

इसाकने नेडला बाजूला केलं आणि पेटीखाली खांदा दिला. पडलेल्या दगडांतून वाट काढत ते माझ्यापर्यंत आले आणि इतक्या वर्षांनी माझ्या पाठीवर पुन्हा वजन आलं. जॉस चांगलाच जड होता.

"दगड उचलून उचलून हाडंही दगडाची झालीत लेकाची," इसाक म्हणाला. नेडने बाटली पुढे केली, ती त्याने घेतली, पण प्यायला नाही. हात पेटीच्या झाकणावर ठेवला आणि हळू आवाजात, फक्त जॉसला सांगावं तसं म्हणाला, "लावलं असशील रे तू फाटक. लावलंच असशील."

त्यानंतर गडगा पुन्हा उभा राहिला नाही. इसाकने जुनं फाटक गोठ्यातून काढून बसवलं. हेस्टर थडग्यावर जायला त्या वाटेने यायची, पण बाई हिशेबाची पक्की. दर वेळी फाटकाबाहेरून विचारायची, "येऊ का रे इसाक?" कुठूनतरी उत्तर यायचं, "ये. फाटक लाव."

अशी बरीच वर्षं गेली. मग इसाकच्या छातीत दुखायला लागलं. एक दिवस माझ्या कडेला दोघं बसले होते. हेस्टरने मनुकांचा केक आणला होता, तो त्याच्या हातात तसाच राहिला होता.

"माझ्यामागे हे कुरण विकलं जाणार," तो म्हणाला. "कोण घेईल देव जाणे. तू कोणाकोणाला विचारत बसशील?"

"तोपर्यंत मी राहिले तर ना."

"राहशील. चिवट आहेस. ऐक, मला मोटारीत घालू नका. इथूनच न्या. आणि खांद्याला माझ्या भाऊबंदांपैकी, बर्केटांपैकी कोणी नको. सगळे तुमच्या वाडीतले."

हेस्टर त्याच्याकडे बघत राहिली. "अरे, मग वाट होईल."

"होऊ दे," इसाक म्हणाला आणि केक खाऊ लागला.

हिवाळ्यात त्याला आणलं. सगळी थॉर्नगिल आली होती. खांद्याला सहाही जण वाडीतले, पुढे नेड. ते फाटकातून आत आले आणि घाईघाईने माझ्याकडे निघाले. तेवढ्यात हेस्टर म्हणाली, "थांबा."

सगळे थांबले, पेटी खांद्यावर तशीच. ती काठी टेकत मागे गेली, फाटक ओढून घेतलं आणि कडी पडल्याचा आवाज येईपर्यंत तिथेच उभी राहिली. चढ चढून आलेल्या त्या सहा जणांपैकी एकानेही कुरकुर केली नाही. मग त्यांनी इसाकला माझ्यावर टेकवलं.

"झाली वाट," नेड म्हणाला. पाद्रीबाबांनी मान डोलावली.

आता हेस्टरही नाही. कुरणाचा मालक तिसरा आहे. आल्या आल्या त्याने वाट बंद करायची गोष्ट काढली होती, तेव्हा वाडीने त्याला एवढंच सांगितलं की इसाकचं मयत गेलंय इथून. त्याने मुकाट्याने विषय सोडला. हल्ली रंगीत जाकिटं घातलेली माणसं येतात, फोटो काढतात, माझ्यावर बसून सँडविच खातात. कोणाला मी बाक वाटतो, कोणाला टेबल. माझी काही तक्रार नाही. दमलेल्याला टेकायला जागा द्यायची, एवढंच माझं काम आहे. तुम्हीही कधी आलात तर खुशाल बसा.

फक्त आत आल्यावर फाटक लावा. टाचेने ढकलू नका. मागे वळा, हाताने लावा आणि कडी वाजेपर्यंत थांबा.