कापलेला कोपरा

तळेगावच्या रेडिओच्या कारखान्यात वरच्या मजल्यावर एक लोखंडी कपाट होतं आणि त्या कपाटावर शालनचा जीव होता. आत ना साड्या, ना दागिने. नुसते ठसे. रेडिओच्या पोटात तांब्याच्या रेघांची जी पाटी असते, तिच्यावर बसणाऱ्या प्रत्येक भागाचे पाय कुठं टेकणार, हे चौपट मोठं करून दाखवणारा पारदर्शक फिल्मचा एकेक तुकडा. नकाशे काढणारे लोक हवा तो ठसा कपाटातून न्यायचे, दिव्याच्या काचेवर आपल्या कागदाखाली सरकवायचे आणि वर काळे ठिपके चिकटवायचे. त्या नकाशावरून शेकडो पाट्या निघायच्या. एक ठसा चुकला की शेकडो रेडिओ मुके.

आता फिल्मची खोड अशी, की तिला पाठ-पोट नसतं. उलटी धरली तरी ती तितकीच शहाणी दिसते. आणि तीन पायांचा ट्रान्झिस्टर वरून पाहिला तर पायांचा एक क्रम, खालून पाहिला तर नेमका उलटा. त्यात कंपन्यांच्या छापील पुस्तकांतलं चित्र खालून काढलेलं. म्हणून शालननं एक रीत घातली होती. खरा भाग हातात घ्यायचा, पाय खाली करून धरायचा, एकेक पाय ठशाशी ताडून बघायचा आणि मगच ठशाचा वरचा उजवा कोपरा कापायचा. कोपरा उजवीकडे वर दिसला, की तुम्ही वरून बघताय आणि ठसा तपासलेला आहे. कोपरा शाबूत असेल त्या ठशाला कुणी हात लावायचा नाही. साहेबांनी लावला तरी शालन काढून घ्यायची.

ती कोपरा कात्रीनं कापायची, आणि जरा गोल कापायची. सरळ कापलेल्या फिल्मचं टोक बोटात घुसतं, म्हणून. ही गोलाई कुणाच्या लक्षातही आली नव्हती. एक तिच्या हाताखालची चंपा सोडून.

शालन लोणावळ्याजवळच्या तुंगार्लीची. वडील नथू एका बंगल्यात माळी. चित्रकलेच्या सरकारी परीक्षेत पोरगी वरच्या श्रेणीत आली, त्या जोरावर तिला कारखान्यात जागा मिळाली. पण जागा हंगामी होती. दिवाळीला कपाट सांभाळायला एक माणूस कायम करायचा, असं साहेबांनी सांगितलं होतं आणि तो माणूस कोण, यात कुणाला शंका नव्हती. नथूनं गावच्या तळ्यावर भेटेल त्याला ते सांगून ठेवलं होतं. सांगू नका म्हटलं तर तो दुप्पट मोठ्यानं सांगायचा.

चंपा शालनच्याच आळीतली, तिच्यापेक्षा दोन-चार वर्षांनी लहान. त्या परीक्षेत ती नापास झाली होती. तरी शालननंच सोपानराव साहेबांपुढं उभं राहून सांगितलं होतं, "माझ्या जबाबदारीवर घ्या." घेतल्यावर शिकवलंही तिनंच. पेन्सिल कशी धरायची इथपासून. लोणावळ्याहून शटल गाडीनं दोघी शेजारी बसून यायच्या, एकीच्या डब्यातली भाकरी दुसरी खायची. कपाटाच्या दोन किल्ल्यांतली एक शालननं आपण होऊन चंपाच्या हातात दिली होती. हे मी मुद्दाम सांगतोय, कारण पुढं सगळे म्हणाले, शालन भोळी. भोळी नव्हती ती. तिनं जीव लावला होता, आणि जीव लावलेल्या माणसाला कुणी तपासत बसत नाही.

पावसाळा सरता सरता नव्या मॉडेलसाठी एक नवा ट्रान्झिस्टर ठरला. त्याचं पुस्तक आलं. भाग काही आला नव्हता. शालन म्हणाली, भाग येऊ द्या, मग ठसा. साहेबांनी घाई केली तरी ती हलली नाही. तेवढ्यात नवलाख उंबरे गावी तिच्या मामेबहिणीचं लग्न निघालं. जाताना तिनं चंपाला बजावलं, "भाग आला तर हातात धरून बघ. न्हाई आला तर ठशाला कोपरा न्हाई."

हळदीचे हात घेऊन परत आली, तर नव्या मॉडेलचा नकाशा होऊन गेलेला.

"भाग आलता, ताई," चंपा म्हणाली. "म्या हातात धरून बघितला. मगच कापला कोपरा."

शालननं खण उघडला नाही. तिनं चंपाच्या पाठीवर थाप मारली आणि पिशवीतले लग्नाचे लाडू काढले.

पाट्या तयार होऊन खाली सोल्डरिंगच्या हॉलमध्ये गेल्या. बायांनी भाग बसवले, डाख दिले, आणि बटण फिरवल्यावर एकही रेडिओ बोलेना. ट्रान्झिस्टर तेवढे चटके बसतील असे तापले. ठसा उलटा होता. पुस्तकातलं चित्र जसंच्या तसं उतरवलेलं, खालून दिसणारं.

सोपानराव साहेब वर आले ते ठसा हातात नाचवतच. "कोपरा कापलाय याचा! कुणी तपासला?"

शालननं ठसा बघितला. कोपरा सरळ होता. ब्लेडनं, पट्टी लावून कापलेला. तिला क्षणात सगळं कळलं. भाग आलाच नव्हता. तिनं चंपाकडं बघितलं. चंपाचा चेहरा पांढराफटक झाला होता आणि तिनं पदराआडून शालनचं मनगट घट्ट धरलं होतं.

"साहेब, कपाट माझ्याकडं आहे," शालन एवढंच बोलली.

"उद्या सकाळी माझ्या खोलीत या दोघी," असं म्हणून साहेब गेले.

चंपानं तिचे पायच धरले. "ताई, साहेबाची घाई चाललीती. वाटलं, तू न्हाईस तर मी करून दावावं. माझं नाव हुईल. उद्या मी सोता सांगते साहेबाला. आज दम धर, लय तापल्यात त्ये."

"सांगशील ना?"

"तुझी शपथ."

शालननं तिचे डोळे पुसले, स्वतःच्या पदरानं. घरी आई आजारी होती म्हणून त्या दिवशी शालन लवकरच्या गाडीनं निघाली. चंपा म्हणाली, माझं थोडं काम राहिलंय, मी मागच्या गाडीनं येते.

सकाळी शालन साहेबांच्या खोलीत शिरली, तेव्हा चंपा आधीच आत उभी होती. शालनला बरं वाटलं. पोरीनं धीर केला म्हणायचा.

"चंपा म्हणते, लग्नाच्या घाईत तूच ठसा करून गेलीस," साहेब म्हणाले.

शालनला आधी नीट ऐकू आलं नाही असंच वाटलं. चंपा खाली बघून बोलत होती. "कोपरा कापायचा हक्क ताईचाच हाय, साहेब. मी तिच्या हाताखालची. मी कशाला कापीन?"

शालन रडणारी नव्हती. "खोटं आहे, साहेब. हा कोपरा माझा नाही. मी गोल कापते, कात्रीनं. हा सरळ आहे. कपाटातले बाकीचे बघा, एकूण एक गोल आहेत."

साहेब माणूस वाईट नव्हता. उठला, दोघींना घेऊन कपाटापाशी गेला. शालननं आपल्या किल्लीनं कपाट उघडलं, वरचा खण ओढला आणि ठशांची चळत साहेबांच्या हातात दिली.

पहिला ठसा सरळ कापलेला. दुसरा सरळ. शालननं चळत ओढून घेऊन खालचे बघितले, मग दुसरा खण, मग तिसरा. सगळे सरळ. तिच्या हातचा एकही गोल कोपरा त्या कपाटात उरला नव्हता. काल संध्याकाळी, शालन आईचं औषध घेऊन घरी चालली असताना, चंपा इथं बसून एकेक ठसा पट्टीखाली धरून गोलाई उडवत होती. शालननंच दिलेल्या किल्लीनं उघडून. आणि काम किती सुबक! इतकं मन लावून चंपानं आजवर एकही ठसा काढला नव्हता.

"बोल आता," साहेब म्हणाले.

काल सगळे गोल होते, रात्रीतून सरळ झाले, असं सांगणारी बाई वेडी ठरते. "काल मी विचारलं तेव्हा तू गप्प राहिलीस," साहेब म्हणाले. तेही खरंच होतं. जिच्यासाठी गप्प राहिली, तिनंच त्या गप्प राहण्याचा दोर करून गळ्यात टाकला होता.

नोकरी गेली नाही. शालनला खाली सोल्डरिंगच्या हॉलमध्ये पाठवलं. दिवाळीला चंपा कायम झाली. नथू त्या दिवाळीत तळ्याकडं फिरकला नाही; देवळाच्या मागून लांबच्या वाटेनं बंगल्यावर जायचा. शालन शटलच्या दुसऱ्या डब्यात बसू लागली. डब्यातली भाकरी एकटीला जास्त व्हायची, तरी आईला ती कमी करायला सांगत नव्हती. राग यायचाच, पण त्याहून तिला स्वतःची लाज वाटायची, की अजूनही उतरायच्या आधीचं वडगाव स्टेशन आलं की तिची नजर चंपाला शोधते.

थंडी पडल्यावर एके दिवशी चंपा हॉलमध्ये आली. हातात नवा ठसा आणि एक ट्रान्झिस्टर. बाया बघत होत्या, तरी ती सरळ शालनच्या टेबलापाशी येऊन बसली आणि जुन्याच आवाजात म्हणाली, "ताई, जरा बघतीस? ह्यो वरनं हाय का खालनं, मला उमगंना."

शालननं सोल्डरिंग आयर्न खाली ठेवलं. "दुसऱ्या कुणाला विचार की."

"दुसरं कोण खरं सांगंल? तू खोटं न्हाई सांगायचीस. मला ठाव हाय."

म्हणजे तेव्हाही चंपाला हेच ठाव होतं. शालन रडारड करणार नाही, खोटा पुरावा आणणार नाही, डाव टाकणार नाही, हे तिनं नीट जोखलं होतं आणि त्याच भरवशावर केसानं गळा कापला होता. आणि आज त्याच भरवशावर ती ठसा घेऊन आली होती.

एक शब्द खोटा बोलली असती तर चंपाचं कपाट संपलं असतं. शालननं ट्रान्झिस्टर उचलला, पाय खाली करून धरला, ठशाशी ताडला. ठसा उलटा होता. समोर सोल्डर लावत बसलेल्या बायांवर तिची नजर गेली. पाट्या जळल्या की पहिली बोलणी त्यांनाच बसायची. तिनं ठसा पालथा केला आणि टेबलावर सरळ ठेवला.

"असा."

चंपानं सुस्कारा सोडला आणि कमरेच्या पिशवीतून ब्लेड काढलं. शालननं तिचा हात बाजूला केला. आपल्या डब्याच्या पिशवीतून जुनी कात्री काढली, वरचा उजवा कोपरा धरला आणि कापला. जरा गोल. मग त्यावरून बोट फिरवून ठसा चंपाच्या हातात दिला.

चंपा त्या कोपऱ्याकडं बघत बसली.

"घे," शालन म्हणाली. "वर जाऊन सरळ कर."